भिंतीवरची नावे : यात्रेकरूंच्या आणि प्रवाशांच्या लेखांची प्रस्तावना

प्राचीन वास्तूंवर आढळणाऱ्या लेखांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात ते लेख येतात, जे वास्तू उभारणाऱ्याने, तिला दान देणाऱ्याने किंवा त्या प्रदेशावर सत्ता असणाऱ्याने जाणीवपूर्वक, कसबी कारागिराकडून आणि योग्य जागा राखून कोरवून घेतले. राजाच्या वंशाचे व पराक्रमाचे स्तुतिपर वर्णन करणारी प्रशस्ती, लेणे किंवा पाण्याचे टाके खोदवल्याची नोंद करणारा दानलेख, जमिनीच्या हक्कांविषयीचे शासन आणि ते मोडणाऱ्याला शाप देणारी गद्धेगाळ हे सारे याच वर्गातले होत. दुसऱ्या वर्गातील लेखांना अशी राखीव जागा नसते. वास्तू पुरी झाल्यानंतर, कधी थोड्या वर्षांनी तर कधी दीड-दोन हजार वर्षांनी, तेथे आलेल्या माणसाने हाताशी असलेल्या टोकदार हत्याराने, कोळशाने, गेरूने किंवा शाईने आपले नाव, आपले गाव, आल्याचा दिवस किंवा मनातली इच्छा मोकळ्या सापडलेल्या पृष्ठभागावर लिहून ठेवलेली असते. या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाला येथे ‘यात्रालेख’ म्हटले आहे. तीर्थाच्या ओढीने आलेला भाविक आणि व्यापार, चाकरी किंवा कुतूहल यांपायी आलेला प्रवासी या दोघांचाही त्यात समावेश केला आहे, कारण जुन्या काळात हे हेतू एकाच माणसात सहज एकत्र नांदत असत आणि भिंतीवरच्या दोन ओळींवरून त्यांची वाटणी करणे बहुधा शक्य नसते.

पुराभिलेखविद्येने, म्हणजे जुन्या कोरीव व लिखित लेखांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाने, एकोणिसाव्या शतकात भारतात आकार घेतला तेव्हा तिच्यापुढे राजवंशांची कालानुक्रमणी लावण्याचे अवाढव्य काम होते. साहजिकच राजांची नावे, त्यांचे शक-संवत आणि त्यांच्या राज्यांच्या सीमा सांगणाऱ्या मोठ्या लेखांना अग्रस्थान मिळाले, आणि यात्रेकरूंच्या त्रोटक ओळी अहवालांच्या शेवटी, ‘किरकोळ’ या सदराखाली, अनेकदा ठशाविना आणि वाचनाविना नोंदल्या गेल्या. वास्तविक त्याच शतकाने छोट्या लेखांचे सामर्थ्यही पाहिले होते. ब्राह्मी लिपीचे कोडे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडले, त्यात सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील सामान्य दात्यांच्या आखूड लेखांचा वाटा निर्णायक होता. त्या लेखांच्या शेवटी वारंवार येणारी तीच दोन अक्षरे ‘दानं’ अशी असावीत, हे त्यांनी ताडले आणि तिथून वाचनाची वाट मोकळी झाली. सम्राट अशोकाचे शब्द पुन्हा वाचता यावेत, यासाठी अनाम गृहस्थांच्या आणि भिक्षुणींच्या एकेका ओळीचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट लहान लेखांकडे पाहण्याची दृष्टी बदलण्यास पुरेशी आहे.

यात्रालेखांचे मोल मात्र केवळ लिपिज्ञानापुरते नाही. बांधणाऱ्याचा लेख वास्तू का आणि केव्हा उभी राहिली ते सांगतो. पुढच्या शतकांत ती कोणाकोणाची झाली, हे यात्रालेख सांगतात. मंदिराचा, लेण्याचा किंवा स्तंभाचा इतिहास निर्मितीच्या दिवशी संपला असे मानले, तर त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग अंधारात राहतो. ज्यांनी ती वास्तू वापरली, तिच्या सावलीत मुक्काम केला, तिच्याविषयी चुकीच्या किंवा बरोबर कथा ऐकल्या आणि तिला आपली मानून तिच्यावर नाव टाकले, त्या माणसांशिवाय तिचे चरित्र पुरे होत नाही. वास्तूच्या इतिहासाचा हा उत्तरार्ध यात्रालेखांत साठलेला आहे, आणि म्हणून त्यांचा अभ्यास हा वास्तूच्याच अभ्यासाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

भारतीय यात्रालेखांची भाषा बहुधा साचेबंद असते आणि तो साचाच अर्थपूर्ण आहे. लेखात यात्रेकरूचे नाव, बापाचे नाव, कधी जात किंवा गोत्र, कधी गाव, कधी तिथी आणि शेवटी एखादे ठरीव वाक्य येते. मध्ययुगीन मंदिरांवर, विशेषतः जैन क्षेत्रांत, ‘प्रणमति नित्यम्’ हे शब्द ठिकठिकाणी दिसतात, तर उत्तरकालीन देशभाषांतील लेखांत यात्रा सफल झाल्याची नोंद असते. ‘अमुक नित्य नमस्कार करतो’ असे लिहिणाऱ्याला आपण दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेला लागणार आहोत हे ठाऊक असते, तरीही क्रियापद वर्तमानकाळी असते आणि त्याला ‘नित्य’ हे क्रियाविशेषण जोडलेले असते. देह घरी परतला तरी नाव देवासमोर उभे राहावे आणि आपला नमस्कार त्याने चालू ठेवावा, हा त्यामागचा भाव आहे. हंपीसारख्या ठिकाणी मंदिरांच्या फरशीवर लोटांगण घालणाऱ्या भक्तांच्या आकृती कोरलेल्या आढळतात, त्यांच्यामागेही हीच श्रद्धा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांचे पाय आपल्यावर पडावेत ही आकांक्षा मराठी वाचकाला पंढरपूरच्या नामदेव पायरीमुळे परिचित आहे. अशा लेखाला केवळ हौसेने ओरखडलेले नाव म्हणणे म्हणजे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने घडलेल्या धर्मकृत्याकडे पाठ फिरवणे होय.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा लागतो. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील सुप्रसिद्ध ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ शके ११९५ ते ११९९ या वर्षांतील, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातील असून त्यात देवळासाठी देणगी देणाऱ्या भक्तांची नावे आणि त्यांच्या देणग्या नोंदलेल्या आहेत. त्यातही सामान्य भक्तांची नावे आहेत आणि तोही भक्तीचाच पुरावा आहे, परंतु तो मंदिराच्या व्यवस्थेने मान्य केलेला, दानाच्या मोबदल्यात मिळालेला लेख आहे. यात्रालेखाला असे अनुमतिपत्र नसते. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते किंवा ज्याचा त्या स्थानाशी एका दिवसापुरताच संबंध होता, त्याचेही नाव तेथे उमटू शकते. म्हणूनच राजाश्रयाच्या आणि धनाच्या चाळणीतून निसटलेली माणसे दानलेखांपेक्षा यात्रालेखांत अधिक भेटतात. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांनी जपलेल्या नामावळ्यांची परंपराही याच गरजेतून बळावलेली दिसते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग किंवा काशी येथील क्षेत्रोपाध्याय आपल्या वह्यांत यजमानाचे नाव, त्याचे कूळ आणि गाव लिहून ठेवतात व पुढल्या पिढीतील यात्रेकरूला ते दाखवतात, तेव्हा भिंतीवरचेच काम कागदावर चालू असते.

एकाच दगडावर अनेक शतकांचे यात्रेकरू कसे एकत्र येतात, याचे प्रयागच्या किल्ल्यातील स्तंभाइतके बोलके उदाहरण भारतात विरळा. या स्तंभावर अशोकाच्या धर्माज्ञा आहेत, हरिषेणाने रचलेली समुद्रगुप्ताची प्रशस्ती आहे आणि १६०५ मध्ये कोरलेला जहांगीराचा वंशावळीचा लेखही आहे. या तीन राजलेखांच्या आजूबाजूला, वर-खाली आणि ओळींच्या मधल्या जागेत निरनिराळ्या शतकांतील यात्रेकरूंनी आपली नावे कोरली. त्यांपैकी एका लेखात संवत् १६३२ च्या माघ वद्य पंचमीला बिरबलाने तीर्थराज प्रयागाची यात्रा सफल केल्याची नोंद आहे. अकबराच्या दरबारातील हा मानकरी फारसी बखरकारांना चांगला ठाऊक आहे, पण माघ महिन्यात प्रयागी आलेला यात्रेकरू म्हणून तो भेटतो तो या एका ओळीत, आणि तीही इतर यात्रेकरूंच्या ओळींसारखीच, कोणत्याही राजचिन्हाविना. अशोकाच्या मजकुराची खरी हानी या सामान्य नावांनी केली असे म्हणता येत नाही. जहांगीराचा भव्य लेख कोरताना धर्माज्ञेच्या ओळी कापल्या गेल्या, हे पाहिले म्हणजे राजलेख तेवढे आदरणीय आणि यात्रालेख तेवढे उपद्रवी, ही सरसकट विभागणी टिकत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास कान्हेरीच्या लेण्यांतील पेहलवी लेख हा या विषयाचा मानबिंदू ठरावा. मुंबईच्या उत्तरेला असलेल्या या बौद्ध लेणीसमूहात शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतील नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात झरथुष्ट्री पाहुण्यांनी पेहलवी भाषेत, म्हणजे सासानी काळातील इराणच्या मध्ययुगीन फारसीत, आपल्या भेटींची नोंद केली आहे. कालगणना शेवटचा सासानी सम्राट यज्दगर्द याच्या नावाच्या सनाची आहे. यज्दगर्दी सन ३७८ मधील दोन भेटी इ.स. १००९ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत आणि सन ३९० मधील तिसरी भेट १०२१ च्या ऑक्टोबरात येते. लेखांत आलेल्या मंडळींची नावे त्यांच्या वडिलांच्या नावांसह ओळीने दिलेली आहेत. पारशी समाजाच्या भारतातील आगमनाची परंपरा सांगणारे ‘किस्सा-ए-संजाण’ हे फारसी काव्य १५९९ च्या सुमारास रचले गेले, म्हणजे कान्हेरीच्या भिंतीवरची नावे त्याच्याही जवळपास सहा शतके आधीची आहेत. इस्लामपूर्व इराणचा सन वापरणारी, आपली भाषा आणि लिपी जपणारी, पित्याच्या नावासकट स्वतःची ओळख सांगणारी माणसे अकराव्या शतकाच्या आरंभी कोकणपट्टीवर वावरत होती आणि परधर्मीयांची लेणी पाहण्यासाठी डोंगर चढून जात होती, याचा इतका थेट आणि नेमक्या दिवसाचा पुरावा दुसऱ्या साधनांतून सहजासहजी मिळत नाही. बौद्ध विहाराच्या भिंतीला हे लेख परके नाहीत. ते त्या विहाराच्याच पुढच्या आयुष्याचे एक पान आहेत.

कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे या लेखनाचा दुसरा पैलू दिसतो. मराठी वाचकाला हे स्थान गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या, चावुंडराज आणि गंगराज यांचा उल्लेख करणाऱ्या मराठी ओळींमुळे माहीत आहे, पण तेथील शेकडो लेखांत यात्रेकरूंच्या लेखांचाही मोठा भरणा आहे. दक्षिणेतल्या यात्रेकरूंनी कन्नडमध्ये, तर उत्तरेकडून आलेल्या जैन व्यापाऱ्यांनी नागरी आणि महाजनी लिप्यांत आपल्या यात्रा नोंदवल्या आहेत. महाजनी ही हिशेबाच्या चोपड्यांत वापरली जाणारी, मात्रा गाळून वेगाने लिहिण्याची लिपी असल्याने तिचे डोंगरावरच्या खडकावर उमटणे हे व्यापारी वर्गाच्या तीर्थयात्रेचे स्पष्ट चिन्ह ठरते. चंद्रगिरीवर ‘कविरत्न’ अशी अक्षरे आढळतात आणि ती दहाव्या शतकातील कन्नड महाकवी रन्न याची स्वाक्षरी मानली जाते. मध्य भारतातील अनेक मंदिरांवर ‘मगरधज जोगी ७००’ अशा अर्थाची अक्षरे पुनःपुन्हा दिसतात व त्यांकडे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीच लक्ष वेधले होते. एक जोगी गावोगावच्या देवळांतून फिरत होता हे त्यावरून कळते, पण सातशे हा आकडा शिष्यांचा की सनाचा, यावर एकमत झालेले नाही. त्याहून मोठे कोडे शंखलिपीचे आहे. शंखाच्या वळणांसारख्या अक्षरांमुळे हे नाव मिळालेली ही ब्राह्मीकुळातील अलंकृत लिपी विदिशेजवळच्या उदयगिरीसह देशातील कितीतरी स्थळी आणि जावा बेटावरही आढळते. रिचर्ड सॉलोमन यांनी तिचा चिकाटीने अभ्यास केला, तरी तिचे सर्वमान्य वाचन अजून झालेले नाही. या लेखांची लांबी आणि जागा पाहता त्यांत बहुतांशी नावेच असावीत असे मानले जाते, म्हणजे आपली सही करण्यासाठीच घडवलेली एक लिपी भारतभर फिरली आणि तिची किल्ली मात्र हरवली.

भारतीय माणसांनी देशाबाहेर ठेवलेले यात्रालेख हा या विषयातला सर्वांत विस्मयकारक भाग आहे. अरबी समुद्रात, आफ्रिकेच्या शिंगाजवळ असलेल्या सोकोत्रा बेटावरील होक नावाच्या गुहेत चालू शतकाच्या उंबरठ्यावर बेल्जियन गुहासंशोधकांना सुमारे अडीचशे लेख व आकृत्या सापडल्या. त्यांतील बहुसंख्य लेख ब्राह्मी लिपीत आहेत, ते मुख्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचे आहेत आणि त्यांची अक्षरवटिका पश्चिम भारतातील आहे. इंगो श्ट्राउख यांनी २०१२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यांत भडोच आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील हस्तकवप्र, म्हणजे आजचे हाथब, या बंदरांतून आलेल्या माणसांच्या नोंदी आहेत. काही आकृती स्तूपाच्या आहेत, काही नावे विष्णू व शिव यांच्याशी नाते सांगणारी आहेत, आणि त्याच गुहेत सीरियातील पाल्मायरा नगरीच्या एका प्रवाशाने इ.स. २५८ मध्ये ठेवलेली लाकडी पाटीही मिळाली. गुहा खोल आणि काळोखी आहे, त्यामुळे मशालीच्या उजेडात आत शिरून ही नावे चिखलाने, कोळशाने किंवा दगडाने लिहावी लागली असणार. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या समुद्रव्यापाराविषयी ग्रीक व रोमन ग्रंथकारांचे उल्लेख पूर्वीपासून ठाऊक होते, पण त्या व्यापारातील भारतीय खलाशी आणि व्यापारी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अक्षरांत प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने समोर आले ते या गुहेत.

सिंधू नदीच्या वरच्या खोऱ्यातील, आजच्या पाकिस्तानातील शातियाल व चिलास परिसरातल्या खडकांनी हाच धडा खुष्कीच्या मार्गाबाबत दिला. काराकोरम महामार्ग झाल्यानंतर अहमद हसन दानी आणि कार्ल येटमार यांच्या पुढाकाराने तेथील हजारो लेख व चित्रे नोंदली गेली. खरोष्ठी आणि ब्राह्मी लेखांच्या जोडीला समरकंद परिसरातून आलेल्या सोग्दी व्यापाऱ्यांचे सहाशेच्या घरातील लेख तेथे मिळाले. त्यांतील बहुतेकांत केवळ नाव आणि बापाचे नाव आहे, पण ननैवंदक नावाच्या प्रवाशाने आपण कितव्या दिवशी आलो हे सांगून त्या पवित्र स्थानाच्या देवतेला विनंती केली आहे की आपण लवकर खर्वंदन येथे पोहोचावे आणि भावाला सुखरूप पाहावे. रेशीमव्यापाराचा जो मार्ग नकाशावर एका रेघेने दाखवला जातो, त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या मनात काय होते, हे सांगणारी अशी वाक्ये फार थोडी आहेत. याच खोऱ्यात उभारल्या जात असलेल्या दियामेर-भाशा धरणामुळे त्या खडकांचा मोठा भाग पाण्याखाली जाणार असल्याने या नोंदींचे मोल अधिकच वाढले आहे.

यात्रालेखांतून चुकीच्या समजुतीही कळतात आणि त्याही इतिहासाच्या दृष्टीने खऱ्याच असतात. कंबोडियातील अंगकोर वाट हे बाराव्या शतकात विष्णूसाठी उभारलेले मंदिर आहे. १६३२ मध्ये तेथे आलेल्या मोरिमोतो उकोन्दायू या जपानी यात्रेकरूने खांबावर शाईने लेख लिहिला आणि बुद्धमूर्ती अर्पण केल्याचे नोंदवले. त्या काळच्या जपानी यात्रेकरूंची समजूत अशी होती की हे स्थान म्हणजे बुद्धाचे जेतवनच होय. प्रत्यक्ष जेतवन उत्तर प्रदेशातील श्रावस्तीला आहे, म्हणून हा लेख भूगोलाच्या दृष्टीने फसला असला, तरी सतराव्या शतकात जपानमध्ये बुद्धभूमीची कल्पना कशी होती आणि त्या ओढीने माणसे समुद्र ओलांडून कुठवर जात होती, याचा तो अव्वल पुरावा आहे.

कधी कधी यात्रालेख थेट साहित्याच्या प्रांतात प्रवेश करतात. श्रीलंकेतील सिगिरिया येथे पाचव्या शतकात राजा कश्यपाने खडकावर प्रासाद उभारला आणि वर जाणाऱ्या वाटेला तुळतुळीत घोटलेल्या गिलाव्याची भिंत केली. प्रासाद ओस पडल्यावर तो पाहायला येणाऱ्या लोकांनी या भिंतीवर, विशेषतः खडकावरील स्त्रियांच्या चित्रांना उद्देशून, सिंहली पद्ये लिहिली. सेनरत परणवितान यांनी १९५६ मध्ये त्यांतील ६८५ लेख प्रसिद्ध केले. ते मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकांतील असून लिहिणाऱ्यांत भिक्षू, अधिकारी आणि स्त्रियाही आहेत. प्राचीन सिंहली काव्यभाषेच्या अभ्यासाचा फार मोठा आधार म्हणजे ही भिंत होय. इजिप्तमधील फिले बेटावरील इसिसच्या मंदिरात तर एका संपूर्ण लेखनपरंपरेचा शेवट भिंतीवरच्या अशा लेखांनी नोंदवला आहे. चित्रलिपीतील कालनिर्देश असलेला अखेरचा ज्ञात लेख २४ ऑगस्ट ३९४ चा आणि डेमोटिक या लोकव्यवहाराच्या लिपीतील अखेरचा लेख ४५२ सालचा आहे, आणि हे दोन्ही तेथील भाविकांनी भिंतीवर कोरलेल्या लेखांपैकी आहेत. तीन हजारांहून अधिक वर्षे फॅरोंच्या आज्ञा वाहिलेल्या लिपीचा शेवटचा दिनांकित शब्द एका देवतेच्या सेवकाने मंदिराच्या भिंतीवर लिहिला.

अशा लेखांचे वाचन करण्याची पद्धत राजलेखांच्या वाचनापेक्षा वेगळी आहे. अक्षरे उथळ आणि हात अशिक्षित असल्याने समोरून पडणाऱ्या प्रकाशात ती जवळजवळ दिसत नाहीत. दिवा भिंतीच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळपास समांतर धरला म्हणजे ओरखड्यांच्या कडांवर सावल्या पडून अक्षरे उठून येतात. ओला कागद दगडावर बसवून, तो ब्रशने ठोकून आणि वरून शाई फिरवून ठसा घेण्याची जुनी पद्धत खोल लेखांना उपयुक्त आहे, परंतु रंगाने लिहिलेल्या किंवा गिलाव्यावरच्या लेखांना ती घातक ठरते, म्हणून तेथे निरनिराळ्या कोनांतून प्रकाश टाकून घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करण्याची पद्धत आता वापरली जाते. लेखात काय आहे याइतकेच तो कोठे आहे, किती उंचीवर आहे आणि कोणत्या लेखाच्या वर किंवा खाली आहे, हे नोंदणे आवश्यक असते. प्रयागच्या स्तंभाचा अभ्यास करताना प्रिन्सेप यांनी असा युक्तिवाद केला की उभ्या स्तंभावर पोहोचता न येणाऱ्या उंचीवर आणि इतर ओळींना काटकोनात कोरलेले नाव स्तंभ आडवा पडलेला असतानाच लिहिले गेले असले पाहिजे, कारण ज्याला आपले नाव दिसावे असे वाटते तो ते न दिसणाऱ्या जागी मुद्दाम परांची बांधून कोरणार नाही. अशा रीतीने नावांच्या जागांवरून स्तंभ केव्हा उभा होता आणि केव्हा पडलेला होता, याचा अंदाज बांधता येतो. इजिप्तमधील अबू सिंबेलच्या महाकाय पुतळ्यांवर एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांची नावे फार उंचावर आढळतात, कारण त्या वेळी वाळू तिथवर साचलेली होती. उलट इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी तेथून गेलेल्या ग्रीक भाडोत्री सैनिकांचा लेख पुतळ्याच्या पायावर आहे.

लिहिणारा आणि कोरणारा एकच असेल, हे गृहीतही तपासून पाहावे लागते. जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये सेंट हेलेनाच्या प्रार्थनास्थळाकडे उतरणाऱ्या जिन्याच्या भिंतींवर असंख्य छोटे क्रूस कोरलेले आहेत आणि प्रत्येक यात्रेकरूने आपापला क्रूस कोरला, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. अलीकडे इस्रायलच्या पुरातत्त्व विभागातील अभ्यासकांनी त्यांची खोली आणि हाताची ढब सूक्ष्म छायाचित्रणाने तपासली, तेव्हा ते थोड्याच कारागिरांनी, बहुधा यात्रेकरूंकडून मोबदला घेऊन, कोरले असावेत असे मत पुढे आले. भारतीय तीर्थक्षेत्रांतील सुबक अक्षरांचे यात्रालेख वाचतानाही स्थानिक पाथरवटाचा हात ध्यानात घेतला पाहिजे.

या लेखनाने झालेल्या हानीचा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने खांबावरील चित्रावर आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडली. आधुनिक जगाला अजिंठा कळला त्या घटनेचा तो लेखी पुरावा आहे, आणि ते नाव आज नजरेच्या बरेच वर आहे यावरून लेण्यात तेव्हा किती राडारोडा साचला होता हेही कळते. तरीही ती रेघ भारतातील अतिप्राचीन चित्रांपैकी एकावरून ओढलेली आहे, ही गोष्ट त्यामुळे सौम्य होत नाही. असा आक्षेप नवाही नाही. पंधराव्या शतकात जेरुसलेमची दोनदा यात्रा करणारा फेलिक्स फाब्री हा ख्रिस्ती संन्यासी पवित्र स्थळांवर आपली नावे आणि कुलचिन्हे खरडणाऱ्या सरदारांवर कडाडून टीका करतो. भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमानुसार संरक्षित वास्तूचे विद्रूपीकरण हा गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जुन्या नावांचा अभ्यास करणारा नव्या नावांना परवानगी कशी नाकारतो, असे विचारले जाते. त्याचे उत्तर असे की जुने नाव ज्या काळी लिहिले गेले त्या काळी वास्तू ही चालते देवस्थान किंवा ओस जागा होती आणि त्या माणसापाशी आपल्या येण्याची दुसरी कोणतीही नोंद नव्हती. आज ती वास्तू स्वतःच एक संपूर्ण दस्तऐवज आहे, तिच्यावरील रिकामी वाटणारी जागाही त्या दस्तऐवजाचा भाग आहे, आणि तिच्यावर उमटणारी प्रत्येक नवी रेघ खालची एखादी जुनी रेघ कायमची पुसून टाकू शकते. यात्रालेखांविषयी आस्था बाळगणाऱ्याने म्हणूनच नव्या ओरखड्यांना सर्वांत आधी विरोध केला पाहिजे.

मात्र आज यात्रालेखांना नव्या नावांइतकाच धोका चांगल्या हेतूने केलेल्या साफसफाईचा आहे. महाराष्ट्रातील कितीतरी मंदिरांचा दगड वर्षानुवर्षे ऑइल पेंटच्या थरांखाली दडपला गेला आणि पुढे तो रंग काढताना दगडाचा वरचा पापुद्राही गेला. चुन्याचे हात, सिमेंटचे लेप, नव्या फरश्या आणि जोराच्या फवाऱ्याने केलेली धुलाई यांखाली उथळ अक्षरे प्रथम नाहीशी होतात, कारण ती कोणाच्या यादीत नसतात. किल्ल्यांवरील रंगाने लिहिलेली अलीकडची नावे पुसण्याचे कष्टाचे काम दुर्गसंवर्धनाच्या संस्था निष्ठेने करत आहेत. त्याच बुरुजावर किंवा कातळटाक्यावर मोडीतील एखादी ओळ, फरशीवर कोरलेला खेळाचा पट किंवा पावलांची जोडी असू शकते, ही जाणीव त्या कामाला जोडली गेली तर हेच कार्यकर्ते या विषयाचे सर्वांत मोठे नोंदणीकार ठरतील. इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात २०१० पासून स्वयंसेवकांनी हाती दिवे घेऊन जुन्या चर्चच्या भिंती तपासल्या आणि पूर्वी कोणीही न नोंदलेल्या मध्ययुगीन रेघांचे भांडार उजेडात आणले. त्यासाठी लागली ती साधी साधने, चिकाटी आणि नोंद ठेवण्याची शिस्त.

शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ मधील ग्रंथाने मराठी शिलालेखांच्या अभ्यासाला भक्कम पाया दिला. त्या पायावर आता यात्रालेखांची सूची उभी राहणे गरजेचे आहे: कोणत्या वास्तूवर, कोणत्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीवर, कोणत्या लिपीत आणि कोणत्या हत्याराने काय लिहिले आहे, याची छायाचित्रासह नोंद जीर्णोद्धाराचे काम सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे, आणि अशी नोंद झाल्याखेरीज कोणत्याही जुन्या भिंतीला ब्रश लागू नये. न वाचता आलेली अक्षरेही सूचीत यावीत, कारण शंखलिपीप्रमाणे त्यांचा वाचक पुढच्या पिढीत असू शकतो. कान्हेरीच्या डोंगरावर चढलेले झरथुष्ट्री पाहुणे, होक गुहेत शिरलेले भडोचचे व्यापारी आणि प्रयागी आलेला बिरबल यांनी आपल्या नावांतून जे मागितले ते फार थोडे होते. आपण येथे आलो होतो हे पुढच्या माणसाला कळावे, इतकेच. ते कळून घेण्याची आणि कळवण्याची जबाबदारी इतिहासाच्या अभ्यासकाची आहे, आणि ती पार पाडल्याने केवळ त्या माणसांना न्याय मिळेल असे नाही, तर ज्या वास्तूंविषयी सारे काही माहीत आहे असे आज मानले जाते, त्यांचे अर्धे चरित्रही प्रथमच लिहिले जाईल.